हाल्याच्या गोळ्यांचे वाटे

आजार माणसाला एकट्याला होतो, पण औषधही त्याने एकट्यानेच घ्यावे हा विचार तसा अलीकडचा, आणि थोडा स्वार्थीच म्हणावा लागेल. शहरांत तो चांगला रुजला. बोरीपाड्यात पोहोचायला त्याला उशीर झाला, कारण कासा ते तलासरी या पट्ट्यात बोरीपाड्याकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि एकट्यादुकट्या विचारासाठी ती कोण सोडणार.

बोरीपाडा दहा घरांचा. तिथे घटना एकच आणि तिला कलमही एकच : जे एका माणसाने एका बैठकीत संपत नाही, ते एका घराचे नाही. मग रानातला मध असो, ओढ्यातले मासे असोत की लग्नातून बांधून आणलेली बुंदी असो. वाटे घालायचे. त्याची रीतही ठरलेली आहे. अंगणात पळसाची पानं ओळीने मांडायची, प्रत्येक पानावर वाटा टाकायचा, मग एकाला तिकडे पाठ करून उभं करायचं आणि पानावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस न बघता नाव पुकारतो. नाव पुकारलं की वाटा पडला. पडलेल्या वाट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. (देशात इतर ठिकाणी याच कामासाठी निविदा मागवतात, समित्या बसवतात आणि शेवटी कोर्टात जातात.)

हे वाटे घालायचं काम हाल्याचं. साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, बोलायला कमी आणि हाताला सरळ माणूस. त्याआधी त्याचा बाप हे काम करायचा. हाल्याने घातलेल्या वाट्यावरून आजवर झालेली भांडणं : शून्य. (इतर कारणांवरून झालेली भांडणं मोजायची तर वेगळा माणूस नेमावा लागेल.) एका वर्षी तो बोटीवर मजुरीला गेला असताना त्याचा चुलतभाऊ काकड्या याने मासे वाटले होते. काकड्याचं मन मोठं आहे, पण नजर तिरपी पडते. त्या दिवशी एका शिंगाळ्याचं अख्खं डोकं एकाच पानावर गेलं, ते पान काळ्याच्या नावाने पुकारलं गेलं आणि रघ्याच्या पानावर शेपूट आलं, आणि तेव्हापासून रघ्या आणि काळ्या एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे न बोलणं दोघांनाही चांगलं ऐकू येतं.

यंदाच्या उन्हाळ्यात ओढ्याचा डोह आटत आला होता. डोह गुडघ्यावर आला की सगळा पाडा मिळून मासे धरतो आणि हाल्या वाटे घालतो. हाल्याच्या दृष्टीने वर्षाला हा एकच सण. बाकीचे सण बाकीच्यांचे. आणि नेमका त्याच सुमारास तो डहाणूच्या बाजूला एका लग्नाला गेला, तिथे पोटभर जेवला, मिळेल ते पाणी प्याला आणि पोटात मुरडा घेऊन परत आला.

पहिल्या दिवशी त्याची बायको भिकी हिने कुड्याची साल उगाळून दिली आणि तांदळाची पेज पाजली. दुसऱ्या दिवशी अंगात ताप आला, तांब्या खाली ठेवायची सोय उरली नाही, आणि रक्त दिसलं. तेव्हा भिकीने आणखी साल न उगाळता नवऱ्याला जीपमध्ये बसवलं आणि चारोटीला एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर शितल वयाने हाल्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, रक्त कधीपासून पडतं ते विचारलं, आधी कुठल्या गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या का ते विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का तेही विचारलं. (हाल्याला बरं वाटलं. त्याच्या सोयरिकीच्या वेळीही इतकी चौकशी झाली नव्हती.) मग आतड्यात जंतू झालेत असं सांगून त्यांनी गोळ्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या लिहून दिल्या, आणि सूचना केल्या. त्या अशा. एक, गोळी जेवणावर, सकाळ-संध्याकाळ, रोज ठरल्या वेळी. दोन, मध्येच बरं वाटलं तरी थांबायचं नाही, पट्टी संपवायची. तीन, ताडी-दारू बंद. या गोळीवर ताडी पडली तर दोघींचं जमत नाही आणि ओकाऱ्या सुरू होतात. चार, पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची आणि ते पाणी दिवसभर प्यायचं. पाच, अंगाला खाज सुटली, तोंड सुजलं किंवा दम लागला तर गोळी थांबवून ताबडतोब यायचं. सहा, या गोळ्या तुमच्याच आहेत, कुणाला देऊ नका.

पहिल्या पाच सूचना हाल्याने आज्ञा म्हणून ऐकल्या. सहावी त्याने सभ्यपणा म्हणून ऐकली. बोरीपाड्यात कुणाला काही देताना "तुनाच हां, कुणाला देऊ नको," असं म्हणायची पद्धतच आहे. घेणाराही "नाय देत" म्हणतो आणि घरी जाऊन वाटून टाकतो. असं न म्हणता दिलं तर देणाऱ्याचं मन नव्हतं असं समजतात. हाल्या म्हणाला, "नाय देत." डॉक्टरांनी मान हलवली. दोन्हीकडून रीत पाळली गेली.

तो घरी आला तेव्हा ओटीवर सगळा पाडा बसलेला होता. हाल्याने गोळ्यांची पट्टी सगळ्यांसमोर ठेवली. ती लांब होती, चकचकीत होती आणि भरलेली होती. आता घटनेचं कलम लावून पाहू. ही पट्टी एका माणसाने एका बैठकीत संपते का? नाही. कोण म्हणालं? खुद्द डॉक्टर म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ घ्यायची म्हणजे कितीतरी बैठका. तेव्हा पट्टी एका घराची होऊ शकत नाही, हे वैद्यकीयदृष्ट्याही सिद्ध होतं.

भिकी तेवढी म्हणाली, "अरे, ह्या तुझ्या पोटाच्या हायत."

"गेल्या साली मध कोणी काढला?" हाल्या म्हणाला. "रघ्याने काढला ना? माश्या त्यालाच चावल्या ना? मंग आपण खाल्ला का नाय?"

हाल्याने पोट धरून पळसाची पानं मांडली. गोळ्या पानांच्या हिशेबात बसेनात, म्हणून काही कोयत्याने अर्ध्या केल्या. चुरा झाला तोही त्याने सारखा वाटला. ताप अंगात असताना, मध्ये दोनदा उठून परसात जाऊन येऊनसुद्धा, वाटे असे सरळ पडले की जुनी माणसं बघत राहिली. वाटे घालणाऱ्याला रीतीप्रमाणे एक वाटा जास्त मिळतो. तोही त्याने नको नको म्हणतच घेतला.

कोणाच्या वाट्याला आलेली गोळी कशासाठी कामी आली, याचा तपशील पुढीलप्रमाणे. काकड्याने ती गुडघ्यासाठी घेतली. काळ्याचं डोकं आदल्या दिवशीच्या ताडीने धरलं होतं, त्याने डोक्यासाठी घेतली. पुतळीचं पोट ठणठणीत होतं, पण ती पुढच्या आठवड्यात मजुरीला गुजरातेत जाणार होती आणि तिकडे ते बिघडलं तर काय, म्हणून तिने आगाऊ घेतली. चिमीला जांभळं जास्त झाली होती. बायजीची कोंबडी मान टाकून बसली होती, तिला अर्धी भातातून घातली आणि उरलेली अर्धी, कोंबडीला एकटं वाटू नये म्हणून, बायजीने घेतली. रघ्या धोरणी, त्याने आपला वाटा पुडीत बांधून आढ्याला खोचून ठेवला, कारण माणसाला पुढे काय होईल सांगता येत नाही.

परिणाम थक्क करणारा होता. दोन दिवसांत काळ्याचं डोकं उतरलं. चिमीची जांभळं मार्गी लागली. पुतळीचं ठणठणीत पोट ठणठणीतच राहिलं. कोंबडी उठून चालू लागली. काकड्याचा गुडघा होता तसाच होता, पण तो वाईट झाला नाही, हे त्याने आवर्जून सांगितलं. एकंदरीत, रघ्याची आढ्यातली पुडी धरून, दहापैकी नऊ घरांना गोळीचा गुण आला. आजारी होता तेवढा एक सोडून.

हाल्याला त्याच्या वाट्याच्या गोळ्यांनी दीड दिवस बरं वाटलं. ताप उतरला, त्याने नाचणीची भाकर मागितली, आणि वाटून खाल्लेलं अंगी लागतं असं भिकीला ऐकवलंही. मग गोळ्या संपल्या आणि मुरडा परत आला. या वेळी तो दांडगा होता. हाल्याचे डोळे खोल गेले, हातापायांत गोळे येऊ लागले. परसात जायला भिकीचा खांदा लागू लागला.

आणि तिकडे डोह गुडघ्यावर आला. बगळ्यांना सुगावा लागला. ते काठावर ओळीने उभे राहून, कोणाचीही पाठ न फिरवता, आपापले वाटे उचलू लागले. रोज मासे कमी होत होते आणि थांबायची सोय नव्हती. अशा वेळी काकड्या हाल्याच्या ओटीवर आला. हातात पळसाची पानं होती, धुतलेली.

"तू नीज, हाल्यादादा," तो मायेने म्हणाला. "वाटे मी घालीन. काय काळजी करू नको."

हाल्याला भीती वाटली. आजाराची वाटली नव्हती तेवढी वाटली. मरणाचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, आजूबाजूची बरीच माणसं मरून गेली होती. पण आपल्यामागे डोहाचे वाटे काकड्याच्या नजरेने पडतील, पानावर कमी दिसलं की माणसं माना वळवतील, आणि बापाने राखलेली गोष्ट एका मुरड्यापायी जाईल, या विचाराने त्याला रडू आलं. भिकीने त्याच्या तोंडावरून पदर फिरवला आणि काकड्याला, मासे आहेत तसेच राहू दे म्हणून, परत पाठवलं.

भीती फक्त हाल्यालाच वाटली असं नाही. काकड्या वाटे घालणार ही बातमी पाड्यात फिरली आणि काही क्षणांत हाल्याच्या अंगणात माणसं जमली. रघ्या या बाजूने आला, काळ्या त्या बाजूने आला. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकच गोष्ट सांगितली : हाल्याला आत्ताच्या आत्ता चारोटीला न्यायचं. घोंगडीची झोळी झाली, बांबू आला. पुढचा खांदा रघ्याचा, मागचा काळ्याचा. रस्त्यापर्यंत दोघे एक अक्षर बोलले नाहीत, पण पावलं जमवावी लागली.

डॉक्टर शितल यांनी आधी हाल्याला सलाईन लावलं, शौच तपासायला पाठवलं, आणि मग विचारलं, "बाबा, गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना?"

"सगळ्या," हाल्या म्हणाला. "एक नाय उरली."

"सगळ्या तुम्ही घेतल्या?"

हाल्याला हा प्रश्न जरा अपमानाचा वाटला. त्याने वाटे कसे घातले ते सविस्तर सांगितलं, कोयत्याने गोळी कापताना चुरासुद्धा वाया जाऊ दिला नाही हे सांगितलं, आणि कोंबडीला आलेला गुण सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता.

"बाबा," त्या म्हणाल्या, "पहिल्या दोन दिवसांत मेले ते गरीब जंतू. उरले ते दांडगे. तुम्ही मारणं मध्येच थांबवलं, ते सावरले आणि वाढले. अशानं गोळीच एक दिवस चालेनाशी होते. तुमच्याही पोटात आणि दुसऱ्याच्याही." मग त्यांनी बरोबर आलेल्यांकडे वळून गुडघ्याला, ताडीला, जांभळांना आणि कोंबडीला ही गोळी नसते, आणि एखाद्याला सोसली नाही तर उलट जिवावर येते, हे एकेक करून सांगितलं. माणसांनी माना हलवल्या. पाड्यात पाहुण्यासमोर मान हलवायची पद्धत आहे.

तपासणीचा निकाल आला, गोळी बदलली (ताडीचं पथ्य तेच राहिलं), आणि अंगात बळ आल्यावर हाल्या नवी पट्टी घेऊन घरी परतला. अंगणात माणसं हजर होती. काहींच्या हातात पळसाची पानं होती. डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना पटलं होतं. पण ते जुन्या पट्टीबद्दल होतं. ही नवी होती. पुतळी तर या वेळी जरा मोठंच पान घेऊन आली होती.

हाल्याचा हात सवयीने पट्टीकडे गेला. तेवढ्यात भिकी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"हे वाटे पडलेले हायत," ती म्हणाली.

"कवा पडले?" काळ्या म्हणाला. "आम्ही नाय बघितले."

"चारोटीला पडले. मी होते तिथं. तो औषध देणारा फळीकडे तोंड करून उभा होता, आपल्याकडे पाठ. पट्टी काढली आणि न बघता नाव पुकारला. काय पुकारला? हाल्या. रघ्या नाय पुकारला, काळ्या नाय पुकारला, तुझी कोंबडी पण नाय पुकारली, बायजी." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "आता पडलेल्या वाट्याला हात कोण लावतो, त्याने पुढे या."

अंगणात कोणी हललं नाही. जे काम डॉक्टरी शिक्षण, सहा सूचना आणि एक सलाईन यांना जमलं नाही, ते पाठमोऱ्या माणसाने केलं. पुतळीने पानाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

पण रीत एकदा लागू झाली की ती दोन्ही बाजूंनी लागू होते, हे हाल्याच्या लक्षात आलं नव्हतं. तीन दिवसांत त्याला पूर्ण बरं वाटलं. भूक लागली, चाल सरळ झाली, आणि तो म्हणाला की आता गोळी पुरे. भिकी म्हणाली, "वाटा पानावर टाकून उठतो काय? कोणाचा अपमान करतो?" वाटा टाकणं हा पाड्यात वाटा चोरण्याइतकाच मोठा गुन्हा आहे. शिवाय डोहावर सगळ्यांचा डोळा होता. त्यामुळे हाल्याच्या गोळीवर सार्वजनिक देखरेख सुरू झाली. सकाळची गोळी रघ्या बघायचा, संध्याकाळची काळ्या. हाल्याने जेवायचं, गोळी घ्यायची, वर पाणी प्यायचं, आ करून जीभ उचलून दाखवायची. सुरुवातीला रघ्या आणि काळ्या पाळी बदलताना भिंतीकडे बघून जायचे. पण सकाळची गोळी गेली की नाही हे संध्याकाळच्याला कळायला हवं, म्हणून रघ्याला बोलावं लागलं. तो म्हणाला, "गेली." काळ्या म्हणाला, "बरा." इतक्या वर्षांचा अबोला असा मोडला, आणि शिंगाळ्याच्या डोक्याचा उल्लेख दोघांनीही टाळला.

मासे धरायचा दिवस आला तेव्हा पट्टीत अजून गोळ्या होत्या. डोह जेमतेम घोट्यावर होता, बगळे सुस्तावले होते, तरी टोपल्या भरल्या : खवली, मुऱ्या, शिंगाळे, खेकडे. पानं मांडली गेली. वाटे घालण्याआधी पहिला पेला धरणीला आणि दुसरा वाटे घालणाऱ्याला, अशी रीत. काकड्याने मडक्यातून ताडी ओतली. ती सकाळची होती, गोड होती. हाल्याने कितीतरी दिवसांत तोंडाला लावली नव्हती.

"घे, दादा," काकड्या म्हणाला. "एका पेल्याने काय होतंय. पोटातल्या गोळीला काय कळतंय आज सण हाय तो?"

सगळे बघत होते. पेला न घेतला तर धरणीचा मान जातो. घेतला तर ओकाऱ्या होतील, पुन्हा झोळी, पुन्हा चारोटी, आणि वाटे काकड्याकडे. हाल्याने पेला हातात घेतला, नाकाजवळ नेला, वास घेतला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्याने खाली बसून तोही पेला धरणीवर ओतला.

"ती माझा पण पिल," तो म्हणाला. "तिला गोळी चालू नाय."

असा तोडगा आधी कुणाला सुचला नव्हता, पण त्यात चूकही काढता येईना. धरणीची तक्रार आली नाही. भिकीने उकळून गार केलेलं पाणी तांब्यातून पुढे केलं, हाल्याने ते घोटभर घेतलं आणि वाटे घालायला बसला. ऊन उतरेपर्यंत दहा पानं भरली. एकही मान वळली नाही. शिंगाळ्याची डोकी दोन होती. एक रघ्याच्या पानावर गेलं, एक काळ्याच्या, आणि पाठमोरी उभी राहून नावं पुकारणारी चिमी ती बघून नव्हे, नशिबाने पुकारत होती यावर आजही पाड्याचा विश्वास आहे.

या प्रकरणाचा अहवाल कोणी मागवलेला नाही, तरी नोंद असावी म्हणून : हाल्याची पट्टी संपली, मुरडा गेला तो गेला. रघ्याच्या आढ्यातली पुडी भिकीने उतरवून दवाखान्यात नेऊन दिली. बोरीपाड्यात आज कुणाच्याही घरी उरलेली गोळी नाही. कोंबडीबद्दल मात्र खात्रीने काही सांगता येत नाही, कारण ती पुढच्याच पाहुण्याला कापली गेली.

वाचक इथवर हसत आला असेल तर ते योग्यच आहे. कोंबडीला गोळी घालणाऱ्या माणसांवर हसायचं तर थोडं शिक्षण लागतं, आणि ते आपल्याकडे आहे. शिवाय आपल्या घरी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात अर्धी पट्टी आहे. ती आपण पोटासाठी आणली होती की घशासाठी, ते आता आठवत नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं एवढं आठवतं. मधल्या काळात त्यातल्या दोन आपण शेजारच्या वहिनींना दिल्या, फोनवर सांगून दोन भावाला घ्यायला लावल्या, आणि हे सगळं पळसाचं एकही पान न वापरता केलं. हरकत नाही. उठा, आणि तो डबा खाली काढून उरलेल्या गोळ्या औषधवाल्याला परत देऊन या. अर्थात आपण देणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. चांगल्या गोळ्या आहेत, तारीख उलटायला अजून वेळ आहे, आणि खरं सांगायचं तर कालपासून आपलंही पोट जरा बिघडल्यासारखंच आहे.